निवारा आहे, पण आत जाता येते का?

14 एप्रिल 2016 च्या रात्री जपानच्या क्यूशू बेटावरील कुमामोतो परिसर भूकंपाने हादरला. लोक सावरतात न सावरतात तोच 16 तारखेच्या पहाटे त्याहून मोठा धक्का बसला. घरे कोसळून आणि दरडी अंगावर येऊन 50 माणसे दगावली. भूकंपाचा इतिहास लिहिताना सहसा इथेच पूर्णविराम दिला जातो. परंतु कुमामोतोतील मृतांची खरी मोजदाद त्यानंतर सुरू झाली. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत आणखी दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्यावर कोणतीही भिंत पडली नव्हती. जपानी सरकारच्या दप्तरी अशा मृत्यूंसाठी ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’ असे स्वतंत्र सदर आहे. धक्क्यातून वाचलेली, पण नंतरच्या हालअपेष्टांत संपलेली माणसे या सदरात मोजली जातात.

म्हणजे भूकंपाने जितके मारले, त्याच्या चौपट माणसे भूकंपानंतरच्या व्यवस्थेत गेली. 2011 च्या महाभूकंपात आणि त्सुनामीत थेट बळींची संख्या प्रचंड होती, तरीही या दुसऱ्या सदरात 3,700 हून अधिक नावे आहेत आणि त्यांतील बहुतेक जण 66 किंवा त्याहून अधिक वयाचे होते. 1 जानेवारी 2024 च्या नोतो द्वीपकल्पातील भूकंपात तर हे अप्रत्यक्ष मृत्यू वर्ष सरायच्या आतच प्रत्यक्ष मृत्यूंच्या पुढे गेले. ज्या देशाच्या इमारती भूकंपाला तोंड देण्यासाठी जगभर नावाजल्या जातात, त्या देशात हे घडते. मग प्रश्न असा की, सुरक्षित निवाऱ्यात पोहोचलेली माणसे मरतात कशाने?

उत्तर अगदी साधे, काहीसे संकोचाचे आहे. बऱ्याच अंशी ते शौचालयात आहे.

जपानमध्ये आपत्तीच्या वेळी लोकांना बहुधा शाळेच्या क्रीडागृहात हलवतात. मोठी बंदिस्त जागा, मजबूत छत, घरापासून जवळ. निवड योग्यच वाटते. पण या शाळा दहा-बारा वर्षांच्या धडधाकट मुलांसाठी बांधलेल्या. प्रवेशाला पायऱ्या, शौचालये उकिडवे बसण्याची, आणि झोपायचे ते उघड्या लाकडी जमिनीवर. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला रात्री जमिनीवरून उठणे, दाटीवाटीने झोपलेल्या माणसांमधून वाट काढणे आणि पायऱ्या उतरून अंगणातल्या तात्पुरत्या शौचालयापर्यंत जाणे अशक्य होते. मग ती काय करते? पाणी पिणे कमी करते. कुणाला त्रास नको, म्हणून जेवणही कमी करते आणि एका जागी पडून राहते. शरीरातले पाणी घटते, रक्त दाट होते, पायाच्या शिरेत गुठळी धरते. ती फुप्फुसात गेली की माणूस तासाभरात जाऊ शकतो. तोंडाची स्वच्छता राहिली नाही की वृद्धांना न्यूमोनिया गाठतो. कुमामोतोत अनेक कुटुंबांनी क्रीडागृहाऐवजी आपल्या मोटारीत रात्री काढल्या. सतत बसणाऱ्या धक्क्यांची भीती हे त्याचे एक कारण होते. पण घरात सतत आवाज करणारे स्वमग्न मूल असेल, अंथरुणाला खिळलेले वडील असतील, तर शंभर अनोळखी माणसांच्या मध्ये राहायचे कसे, हेही कारण होते. मोटारीच्या आसनावर पाय दुमडून काढलेल्या रात्रींनी त्याच गुठळ्या दिल्या.

याच शहरात एक वेगळे उदाहरण घडले. कुमामोतो गाकुएन विद्यापीठ हे सरकारी यादीतले निवारा केंद्र नव्हते. तरीही भूकंपानंतर लोक तिकडे धावले आणि विद्यापीठाने दारे उघडली. आलेल्या शेकडो लोकांत सुमारे साठ दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांना ‘तुमच्यासाठी खास केंद्र दुसरीकडे आहे’ असे सांगून वाटेला लावले गेले नाही. ते शक्य झाले, कारण विद्यापीठात व्हीलचेअर वापरणारे विद्यार्थी आधीपासून शिकत होते. त्यामुळे सपाट प्रवेश, रुंद दारे, मोठी शौचालये तयारच होती. समाजकार्य शिकवणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी हाताशी होते. भूकंपासाठी म्हणून त्या इमारतीत एकही वीट बसवलेली नव्हती. रोजच्या वापरासाठी जे केले होते, तेच त्या रात्री उपयोगी पडले.

ज्या विचाराला आज ‘युनिव्हर्सल डिझाइन’ म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे. आपल्या कायद्याच्या भाषेत त्याला ‘सार्वत्रिक रचना’ म्हणता येईल. हा शब्दप्रयोग रूढ केला तो रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुविशारदाने. नवव्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि पुढचे सारे आयुष्य व्हीलचेअरवर गेले. अपंगांसाठी वेगळी दारे, वेगळे मार्ग, वेगळी दालने उभारण्याचा मार्ग त्याला पटेना. वस्तू किंवा वास्तू मुळातच अशी घडवावी की, शक्य तितक्या अधिक लोकांना ती कोणत्याही खास जोडणीशिवाय वापरता यावी, असे त्याचे म्हणणे. 1997 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतून या विचाराची सात तत्त्वे मांडली. ती साती इथे गिरवण्याचे कारण नाही. कमी श्रमात वापरता यावे, चूक झाली तरी इजा होऊ नये, डोळे-कान यांपैकी एक अधू असले तरी माहिती कळावी, अशी ती आहेत. महत्त्वाचे आहे ते त्यांमागचे गृहीतक. ‘सामान्य माणूस’ अशी कोणी एकच व्यक्ती नसते. गरोदर बाई, पाय मुरगळलेला खेळाडू, दोन्ही हातांत पिशव्या धरलेला गिऱ्हाईक, परगावचा पाहुणा, आणि आयुष्य असेल तर वीस वर्षांनंतरचे आपण स्वतः, हे सगळे या रचनेचे लाभार्थी असतात.

जपानने हा विचार अमेरिकेकडून उचलला असे म्हणतात. पण त्याची काही मुळे जपानमध्येच होती. ओकायामा शहरात सेइइची मियाके नावाचे गृहस्थ राहत. अंध व्यक्तींना रस्त्यावर आपण कुठे आहोत हे पायाला कळावे, म्हणून त्यांनी 1965 मध्ये उंचवटे असलेली एक फरशी तयार केली. 18 मार्च 1967 रोजी तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल टिंबे म्हणजे थांबा, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे; इतकी साधी लिपी. पुढे जपानच्या रेल्वे फलाटांवर ती सर्वत्र पसरली आणि तिथून जगभर. आपल्या मेट्रो स्थानकांत, अनेक शहरांच्या नव्या पदपथांवर पिवळ्या फरशांची जी रांग दिसते ती हीच. मात्र आपल्याकडे तिचा पुष्कळदा शोभेचा पट्टा होतो. ती विजेच्या खांबावर जाऊन आदळते, झाडाला वळसा घालते किंवा दुचाकींच्या रांगेखाली गायब होते. ज्याने ती बसवली त्याला तिची लिपी कुणी सांगितलेलीच नसते. चुकीच्या जागी संपणारी ही फरशी अंध माणसाला काहीच नसण्यापेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यावर विसंबून तो पाऊल टाकतो.

उद्योगक्षेत्रातील एक उदाहरण बाटलीएवढे लहान आहे. शाम्पू आणि कंडिशनर यांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, ही अंध ग्राहकांची तक्रार होती. काओ या जपानी कंपनीने 1991 मध्ये शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचांची ओळ दिली, बोट फिरवताच कळेल अशी. विशेष म्हणजे ही कल्पना कंपनीने आपल्यापुरती राखून ठेवली नाही. एकाच्या बाटलीवर खाचा आणि दुसऱ्याच्या बाटलीवर नाहीत, तर ग्राहकाचा गोंधळच वाढेल, हे तिने ओळखले. आज जपानमध्ये बहुतेक सर्व कंपन्यांच्या शाम्पूवर त्या खाचा असतात. केस धुताना सगळेच डोळे मिटतात, त्यामुळे त्यांचा उपयोग सर्वांनाच होतो. दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावरही तिथे अशीच एक अर्धगोल खाच असते.

सारेच प्रयोग असे साधत नाहीत. टोयोटाने 2017 मध्ये व्हीलचेअरसह बसता येईल अशी टॅक्सी मोठ्या अपेक्षेने आणली. पण तिचा उतार जोडण्याची प्रक्रिया इतकी लांबलचक होती की, भर रस्त्यात तेवढा वेळ थांबायला चालक नाखूश असत. काही तर व्हीलचेअर पाहून गाडी पुढे नेत. दिव्यांगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर 2019 मध्ये ती पद्धत सोपी करण्यात आली. कागदावर सुगम्य आणि व्यवहारात अगम्य, हा प्रकार आपल्याही ओळखीचा आहे.

नगररचना, उद्योग आणि आपत्तीची तयारी या तिन्ही गोष्टी एकाच गावात पाहायच्या तर कुमामोतोच्या शेजारच्या ओइता प्रांतातील बेप्पूला जावे लागेल. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात युताका नाकामुरा या अस्थिशल्यविशारदाने 1965 मध्ये ‘ताइयो नो इए’, म्हणजे ‘सूर्याचे घर’, ही संस्था काढली. आदल्याच वर्षी टोकियोत झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. परदेशी खेळाडू घरी नोकऱ्या करतात आणि आपले खेळाडू रुग्णालयांतून येतात, हा फरक त्यांना तिथे बोचला होता. दया नको, संधी हवी, हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद. ओम्रॉनने 1972 मध्ये, सोनीने 1978 मध्ये आणि होंडाने 1981 मध्ये या संस्थेच्या भागीदारीत कारखाने काढले. तिथे माणसाला यंत्राजोगे वळवण्याऐवजी काम माणसाजोगे वळवले गेले. एका हाताने काम करणाऱ्यासाठी सुटा भाग घट्ट धरून ठेवणारे साचे आले, व्हीलचेअरवरून हात पोहोचेल अशा उंचीची बाके आली. संस्थेच्या आवारात सुपरमार्केट आणि बँकेची शाखाही उघडली, आणि शेजारपाजारचे लोक तिथे खरेदीला येऊ लागले. पगार मिळवणारी, भाडे भरणारी, बाजारहाट करणारी दिव्यांग माणसे पाहण्याची त्या शहराला अशी सवय झाली.

ही सवय पुढे कामी आली. 2011 च्या त्सुनामीग्रस्त भागात दिव्यांगांच्या मृत्यूचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट असल्याचे नंतर उघड झाले, आणि मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश साठीच्या पुढचे होते. धोक्याची सूचना मिळूनही त्यांना उचलून नेणारे कुणी नव्हते. त्यानंतर 2013 मध्ये जपानने कायदा बदलून प्रत्येक नगरपालिकेला मदतीची गरज असलेल्या रहिवाशांची यादी करणे सक्तीचे केले. याद्या झाल्या, आणि पुष्कळ ठिकाणी कपाटात राहिल्या. खासगी माहिती शेजाऱ्यांना कशी द्यायची, हा एक पेच. दुसरा अधिक कठीण: यादीतल्या आजीबाईंच्या दारावर नेमके कोण जाणार?

बेप्पूत या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात झाली. शहरातील दिव्यांग नागरिकांचा आग्रह होताच. 2016 च्या भूकंपात बेप्पूलाही जोराचे धक्के बसल्यानंतर कामाला वेग आला. दोशिशा विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ शिगेओ तात्सुकी यांच्या मार्गदर्शनाखाली एक पद्धत बसवण्यात आली. ज्या व्यक्तीला मदत लागणार ती, तिच्या नेहमीच्या सेवेतील समाजसेवक आणि गल्लीतले शेजारी एकत्र बसतात. कोण येणार, कशावरून नेणार, कोणत्या रस्त्याने, औषधे कुठे, निवाऱ्यात शौचालय कसे, हे नावानिशी ठरवतात. मग सगळे मिळून तो रस्ता चालून पाहतात. चालताना कळते की, कागदावरच्या वाटेत एक चढ आहे आणि व्हीलचेअर ढकलणारे शेजारी स्वतः पंचाहत्तरीचे आहेत. योजना बदलावी लागते. 2021 मध्ये देशाच्या कायद्यात अशा वैयक्तिक स्थलांतर योजना करण्यासाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य नगरपालिकांवर टाकण्यात आले. त्याच काळात सरकारी शाळांच्या नव्या इमारती सुगम्य असण्याचे बंधनही आले. शाळा हीच निवारा असते, हे उशिरा का होईना मान्य झाले.

सूचनेची भाषा हाही या रचनेचाच भाग. 1995 च्या कोबे भूकंपात अनेक परदेशी रहिवाशांना ना जपानी सूचना कळल्या ना इंग्रजी. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातील भाषातज्ज्ञांनी ‘सोपी जपानी’ घडवली. लहान वाक्ये, रोजचे शब्द. ‘उंच जागी स्थलांतर करावे’ याऐवजी ‘उंच जागी पळा’. तिचा फायदा मुलांना, वृद्धांना आणि घाबरलेल्या प्रत्येकाला झाला. 2021 मध्ये जपानने स्थलांतराचा ‘सल्ला’ आणि ‘आदेश’ हा लोकांना न उमगणारा भेद काढून एकच आदेश ठेवला, आणि त्याच्या आधीच्या पायरीला थेट ‘वृद्ध इत्यादींचे स्थलांतर’ असे नाव दिले. ज्यांना वेळ लागतो त्यांनी आताच निघायचे, हे नावातच आले. हे लिहिताना आमच्याच कामाकडे बोट वळते. पावसाळ्यात दररोज संध्याकाळी ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार, ऑरेंज अलर्ट’ अशी ओळ आम्ही उपसंपादक पानात बसवतो. हवामान खात्याच्या व्याख्येत ‘अति मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पाऊस. नदीकाठी राहणाऱ्या वाचकाने ती ओळ वाचून नेमके काय करायचे, हे त्या ओळीत नसते. बांधकामावर राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांपर्यंत तर ती ओळही पोहोचत नाही.

गोव्याला हे सारे किती लागू? भूकंपाची भीती आपल्याकडे तुलनेने कमी. पण जुलै 2021 च्या पुरात सत्तरी, डिचोली भागांत शेकडो घरांची हानी झाली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अनेक घरे दिवसचे दिवस अंधारात होती. 2011 च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांचे प्रमाण गोव्यात 11.2 टक्के, केरळ वगळता कोणत्याही राज्यात ते इतके नाही. मुले परदेशी आणि मोठ्या घरात एकटे आई-वडील, हे चित्र गावोगाव दिसते.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 सार्वत्रिक रचनेची व्याख्या करतो आणि आपत्तीत दिव्यांगांच्या संरक्षणाची जबाबदारी प्राधिकरणांवर टाकतो. 2015 मध्ये सेंदाई येथे स्वीकारलेला आपत्ती-जोखीम आराखडा सार्वत्रिक रचनेचा उल्लेख करतो. भारताने तो मान्य केला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2019 मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेसंबंधीचा एक नियमच कायद्याशी विसंगत ठरवला, कारण जे बंधनकारक असायला हवे ते त्यात केवळ मार्गदर्शक स्वरूपात होते. पणजीत जानेवारी 2023 मध्ये पर्पल फेस्ट सुरू झाल्यापासून या विषयाला गोव्यात व्यासपीठही मिळाले आहे.

याद्यांचीही उणीव नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्धांना आणि दिव्यांगांना दरमहा साहाय्य मिळते, म्हणजे त्यांची नावे आणि पत्ते सरकारदप्तरी आहेतच. जपानने 2013 मध्ये गाठलेली पायरी आपल्याला जवळजवळ आयती मिळालेली आहे. ती नावे पुराच्या रात्री मामलेदार कार्यालयातून वाड्यावरच्या कोणत्या दोन शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतील, एवढेच ठरायचे आहे, आणि हे ठरवायला पंचायतीची एक सभा पुरते. ग्रामसभेत पूरग्रस्त वाड्यांपुरता जरी हा विषय घेतला तरी पहिल्याच बैठकीत अडचणी कळतील: कुणाकडे गाडी आहे, कुणाचा प्राणवायूचा यंत्रसंच विजेवर चालतो, कुणाला ऐकू येत नाही म्हणून भोंग्याचा उपयोग नाही.

आणि शाळा. आपल्याकडेही पुरात माणसांना शाळेत नेतात. गोव्याच्या जुन्या शाळांना पावसाच्या पाण्यापासून जपण्यासाठी उंच जोते असते, ते योग्यही आहे. पण दोन फूट जोत्याला प्रमाणाप्रमाणे, म्हणजे एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने, चोवीस फूट उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी सहा-आठ फुटांत गुंडाळलेला उतार व्हीलचेअरसाठी घसरगुंडी ठरतो. मतदानाच्या दिवशी मात्र याच शाळांच्या दारात लाकडी फळ्यांचा उतार येतो, व्हीलचेअर येते, मदतीला स्वयंसेवक उभे राहतात. संध्याकाळी मतदान यंत्रांबरोबर तेही जाते. म्हणजे कोणत्या शाळेला किती उंचीचा उतार लागतो, याची माहितीसुद्धा प्रशासनाकडे आहे. त्या एका दिवसासाठी आणलेल्या फळ्यांच्या जागी चोवीस फुटांचा पक्का उतार आणि आत कठडा असलेले एक बैठे शौचालय बांधायला शाळेच्या आवारात जागा सहसा असते. पुढच्या पावसाळ्याआधी निदान पूरग्रस्त भागांतील निवारा-शाळांची तेवढी मोजणी व्हायला हरकत नाही.